दार लावलं की

हमरस्ता सोडून आमच्या घराकडे वळलं की शेवटची शंभरेक पावलं पाणंद आहे. उजव्या हाताला चिऱ्याचा गडगा, डाव्या हाताला पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारा आणि एरवी कोरडाठाक असणारा व्हाळ. गाडी फिरवायला आत जागा नाही, म्हणून ती उलटी न्यायची. उलटी नेताना डावा आरसा खाली झुकवायचा, म्हणजे मागचं चाक आणि पाणंदीची कड दोन्ही दिसतात. सकाळी निघताना आरसा पुन्हा वर. दहा वर्षांच्या जुन्या हॅचबॅकमध्ये ही एकच चैन आहे आणि ती मी दिवसातून दोनदा करते.

गणपती झाल्यावर एके दिवशी आरसा खाली गेला तो वर यायचं नाव घेईना. रत्नागिरीपर्यंत डावीकडे पाहिलं की मला फक्त डांबर आणि माझ्याच गाडीच्या दाराची मूठ दिसत होती. हातिवल्याच्या टोलनाक्यासारखं सरळसोट ठिकाण असतं तर चाललं असतं, पण इथे वळणावर दुचाकीवाले डावीकडूनच घुसतात. शेवटी एका वडापावच्या गाडीपाशी थांबून, उतरून, तळहाताने काच ढकलून वर केली. संध्याकाळी पाणंदीत पुन्हा उतरून खाली केली. पुढचे पंधरा दिवस हेच. मधूनच एखाद्या दिवशी आरसा आपणहून शहाण्यासारखा वागायचा, आणि मग मला वाटायचं झाला बरा.

सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या मुलाने माझ्या बाजूचं दार उघडलं, बाहेर उभं राहून आत हात घातला, बटण दाबलं. आरसा वर गेला. खाली आला. पुन्हा वर गेला.

"मॅडम, चालतोय की."

मी ओशाळून गाडीत बसले, दार लावलं, फाटकापर्यंत गेले, बटण दाबलं. ढिम्म. परत फिरून आले तोवर तो जेवायला गेलेला. मग दुसरा आला, त्याने मीटर लावून काहीतरी पाहिलं आणि मला एक कागद दिला. डावी मिरर असेंब्ली, 6,850 रुपये, रंगकाम वेगळं.

असेंब्ली हा शब्द आला की समजावं, आता कोणी काही उघडून पाहणार नाही. पूर्वी वस्तू दुरुस्त व्हायची, मग तिचा भाग बदलायचा, आता भागांचं अख्खं कुटुंबच बदलतात. त्या मुलांचंही चुकत नाही म्हणा. तासाभरात चार गाड्या हातावेगळ्या करायच्या असतात, तारेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवत जायला त्यांना कोण पगार देणार? पण 6,850 रुपये माझे होते, आणि घरी बाबा होते.

बाबा वीज मंडळात लाइनमन होते. मंडळाचं महावितरण झालं तेव्हा त्यांची पंधराएक वर्षं नोकरी राहिली होती. गावात त्यांना सगळे अजून वायरमनच म्हणतात. वादळी रात्री अकरा केव्हीची लाइन कुठे तुटली हे शोधायला डोंगरातून बॅटरी घेऊन फिरण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. आता गुडघे बोलतात आणि कान बोलत नाहीत. डाव्या कानाला यंत्र आहे, ते ते खिशात ठेवतात.

मी कागद दाखवला. त्यांनी तो उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर आडवी रेघ मारली.

"बिघडलंय काय ते नंतर सांग. चालतंय काय?"

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी एकेक विचारलं. उजवा आरसा वर-खाली? होतो. डावी-उजवी? होतो. डावा आरसा डावी-उजवी? मी जरा थांबले. हे मी पाहिलंच नव्हतं. पंधरा दिवस मी फक्त वर-खालीच दाबत होते. जाऊन पाहिलं. डावा आरसा डावीउजवीकडे छान हलत होता.

मी म्हटलं, फ्यूज बघूया का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं ते कनिष्ठ अभियंत्याकडे पाहत असावेत. फ्यूज गेला असता तर दोन्ही आरसे मेले असते. ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज उडाला की वाडीत एकट्याचाच दिवा जातो का? एकट्याचाच गेला तर खांबावर चढायचं ते त्याच्याच सर्व्हिस वायरसाठी.

कागदावर त्यांनी आरसा काढला. काचेच्या मागे दोन बारक्या मोटारी असतात. एक काच वर-खाली झुकवते, दुसरी डावी-उजवीकडे. दोघींना मिळून तारा चार लागायला हव्यात, पण लागतात तीन, कारण एक तार दोघींत सामाईक. बटण वर दाबलं की करंट एका बाजूने जातो, खाली दाबलं की उलट्या बाजूने, आणि मोटार उलटी फिरते. बाकी काही जादू नाही. म्हणजे आमच्या डाव्या आरशाची आडवी मोटार चालते, याचा अर्थ फ्यूज ठीक, बटणापर्यंतची वीज ठीक, सामाईक तार ठीक. त्यांनी एकेकावर काट मारली. उरली तीन: वर-खालीची मोटार, तिची एकटीची तार, किंवा बटणातला तो एक संपर्क. आणि तोच संपर्क उजव्या आरशाला वर-खाली करतोय, म्हणून तोही बहुतेक निर्दोष.

"लाइनचे तुकडे पाडायचे," ते म्हणाले. फीडर, म्हणजे सबस्टेशनातून निघणारी मुख्य लाइन, बंद पडला की अख्खी लाइन पायाखाली घालत नाहीत. मधला एबी स्विच (खांबावरचा, लाइन मधेच तोडणारा) उघडायचा, अलीकडचा अर्धा भाग चालू करून बघायचा. टिकला तर दोष पलीकडे. मग पलीकडच्याचे दोन तुकडे. गाडी अजून अंगणात तशीच उभी होती आणि आमचा निम्मा बिघाड कागदावर सापडला होता.

आधी आवाज. बटण दाबल्यावर आरशातून घर्रर्र आवाज येतोय पण काच हलत नसेल, तर मोटार फिरतेय आणि आतली प्लास्टिकची चक्री तुटलीय. त्याला वायरिंगवाला काही करू शकत नाही. आवाजच नसेल तर प्रश्न विजेचा. मी स्टिअरिंगमागे बसले, किल्ली एक खटका फिरवली. आमचा मोती उघडं दार दिसलं की आत चढतो आणि मागच्या सीटवर चिखलाचे पंजे उमटवतो, म्हणून दार लावून घेतलं. बाबा डाव्या आरशापाशी उभे राहिले. कान लावून ऐकतील असं मला वाटलं. त्यांनी कान जवळ नेलाच नाही. उजव्या हाताची दोन बोटं आरशाच्या टोपणावर अशी ठेवली, जशी वैद्य मनगटावर ठेवतात, आणि डोळे मिटले.

मी आडवं दाबलं. त्यांनी मान हलवली. उभं दाबलं. बोटं तशीच. पुन्हा दाबलं.

"काही नाही," ते म्हणाले. "थरथरसुद्धा नाही."

मला काचेतून त्यांचा चेहरा दिसत होता. इतकी वर्षं मला वाटायचं की ऐकू येत नाही म्हणून ते हल्ली प्रत्येक वस्तूला हात लावतात. मिक्सरला, पंपाला, फ्रिजच्या पाठीला. आई चिडते, चालू मिक्सरवर कसला हात ठेवता अहो. नंतर विचारलं तेव्हा म्हणाले, तीस वर्षांपूर्वीही ठेवायचो. ट्रान्सफॉर्मरचा हुंकार कानापेक्षा कुंपणाच्या पाइपावर चांगला कळतो.

आता मोटारीची पाळी. दाराच्या आतल्या बाजूला, काचेच्या पुढच्या कोपऱ्यात एक त्रिकोणी प्लास्टिकची पट्टी असते. आमच्या गाडीत ती नखाने सुटते. मागे आरशाचा कपलर, म्हणजे तारा जिथे एकमेकींत खोचतात तो जोड. मी घरातला टेस्टर आणला, तो स्क्रू-ड्रायव्हरसारखा, ज्यात लाल दिवा लागतो. बाबा मनापासून हसले. त्यातला निऑन पेटायला साठसत्तर व्होल्ट तरी लागतात, बाराच्या बॅटरीवर तो डोळासुद्धा उघडत नाही. त्यांना हवी होती नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी. घरात ती एकाच ठिकाणी होती, त्यांच्या मल्टिमीटरच्या पोटात. ती काढली म्हणजे मीटर गेला. पण आधी मोटार, असं म्हणून त्यांनी बॅटरी काढलीच. कपलर सोडवला, बॅटरीला दोन वायरचे तुकडे धरले आणि आरशाकडच्या दोन पिनांना टेकवले.

काच वर उचलली गेली. वायरी उलट धरल्या. काच खाली आली. सावकाश, कुरकुर न करता, जशी नवीन गाडीत यायची.

"आई, साडेसहा हजार वाचले!" मी ओरडले. आई पायरीवर बसून वालाच्या शेंगा सोलत होती. ती म्हणाली, अजून लागलेलं कुठंय ते? आणि ते खरंच होतं. मोटार धडधाकट आहे एवढंच कळलं होतं.

इथे जरा वेगळं. गाडीच्या आरशाची एक गोष्ट मला फार आवडते. 1911 साली अमेरिकेत इंडियानापोलिसला पाचशे मैलांची पहिली शर्यत झाली. तेव्हा शर्यतीच्या गाडीत चालकाशेजारी एक मेकॅनिक बसायचा आणि मागून कोण येतंय ते ओरडून सांगायचा. रे हॅरून नावाच्या गड्याने आपल्या गाडीत शेजारची सीटच ठेवली नव्हती. बाकीच्यांनी तक्रार केली, हा मागे बघणार कसा? त्याने समोर आरसा बसवला आणि शर्यत जिंकला. पुढे त्यानेच सांगितलं की विटांच्या त्या रस्त्यावर आरसा इतका थडथडत होता की त्यात काहीएक दिसत नव्हतं.

हे बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, म्हणजे त्याने क्लीनर कमी केला. अगदी तेच. मंडळाचा खांब वाहणारा ट्रक घाटात मागे घ्यायचा झाला की क्लीनर डाव्या बाजूला लोंबकळायचा आणि पत्र्यावर थाप मारत राहायचा. येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या. थाप थांबली की ब्रेक. एसटीतही मागे घेताना कंडक्टर उतरून शिट्टी वाजवतो. आपल्याकडे डावा आरसा ही बराच काळ माणसानेच करायची गोष्ट होती. स्वस्तातल्या मॉडेलला कंपन्या तो देतच नसत. 2009 मध्ये नॅनो आली तेव्हा तिलाही सुरुवातीला डावा आरसा नव्हता, आणि त्यावरून कोणी रस्त्यावर उतरल्याचं मला आठवत नाही.

असो. बॅटरी मीटरमध्ये परत घालायचा मला उत्साह होता. बाबांनी त्याऐवजी खोपटातून एक वस्तू आणली: होल्डरमध्ये गाडीच्या इंडिकेटरचा छोटा बल्ब आणि त्याला दोन वायरी, टोकाला खिळे. त्यांचा टेस्ट लॅम्प. तारेकडच्या कपलरमध्ये खिळे घातले आणि बल्ब आईच्या हातात दिला, कारण त्यांना वाकवत नव्हतं. शेंगांचं ताट बाजूला ठेवून आई डाव्या दारापाशी स्टूल टाकून बसली. मी पुन्हा दार लावून आत. आडवं दाबलं, आई म्हणाली पेटला. एक खिळा उभ्या मोटारीच्या पिनेत घातला, उभं दाबलं, काही नाही.

म्हणजे दोष मधल्या तारेत. बाबांनी इथे एक वाक्य म्हटलं, जे मी लहानपणापासून ऐकत आलेय, पण ते विजेबद्दल आहे हे विसरूनच गेले होते. तार मधल्या झोळात तुटत नाही, बांधलेल्या जागी तुटते. झाड पडलं तर गोष्ट वेगळी. पण वाऱ्याने आपसूक तुटलेली वीझल असो, रॅबिट असो की डॉग (ही त्यांच्या तारांच्या जाडीची नावं, प्राणिसंग्रहालय नव्हे), ती इन्सुलेटरपाशी, बाइंडिंगच्या तोंडाशी तुटलेली सापडते. तिथे ती रात्रंदिवस थरथरते आणि थरथर पुढे सरकायला जागा नसते. गाडीच्या दारात अशी जागा एकच: बिजागरीपाशी, दार आणि बॉडी यांच्यामध्ये, रबरी नळीत. दार उघडलं की तारा ताणतात, लावलं की दुमडतात. दहा वर्षं.

डाव्या दाराची रबरी नळी सोडवली. आत तारांचा झुबका, वर काळी टेप. एकेक तार चिमटीत धरून हलकेच ओढली. तुटलेली असेल तर आतलं तांबं सुटं होतं आणि नुसतं प्लास्टिक रबरासारखं ताणतं. एकही ताणली नाही. सगळ्या कोऱ्या करकरीत.

बाबा गप्प झाले. मला त्यांचा तो चेहरा माहीत आहे. विडी सोडली नसती तर इथे विडी झाली असती. त्याऐवजी चहा झाला. ऑक्टोबरचं ऊन अंगणात आलं होतं, गाडीची भट्टी झाली होती. मोतीला आईने पेरूच्या झाडाला बांधलं. मी चहा घेऊन पुन्हा सीटवर बसले, या वेळी दार सताड उघडं टाकून, एक पाय बाहेर. काही करायचं नव्हतं म्हणून बटणाशी चाळा चालला होता.

"पेटला," आई म्हणाली.

मी दचकले. पुन्हा दाबलं. पेटला. खाली दाबलं. पेटला. बाबांनी मला हाताने खूण केली, तशीच राहा. मग मी काय केलं, तर घाईघाईने नीट बसले आणि सवयीने दार ओढून घेतलं.

"गेला," आई म्हणाली. आणि लगेच, शेंग सोलता सोलता बोलावं तशी, "तू दार लावलंस की जातो गं तो."

आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो. मग बाबांनी कपाळावर हात मारला.

डाव्या आरशाचं बटण उजव्या दारात आहे. उजव्या आरशाच्या तारा उजव्या दारातल्या दारातच संपतात, त्यांना कुठे जायचंच नाही. डाव्या आरशाच्या तारा मात्र बटणातून निघून आधी उजव्या दाराच्या बिजागरीतून बाहेर पडतात, डॅशबोर्डमागून पलीकडे जातात आणि मग डाव्या दारात शिरतात. दुखणं डाव्याचं, जखम उजव्याला. आणि डावं दार उघडतं कितीदा? आई कधी बसली तर. उजवं दार मी दिवसाला दहा वेळा उघडते. सर्व्हिस सेंटरचा तो मुलगा माझं दार उघडून, बाहेर उभा राहून बटण दाबत होता. म्हणून चालत होतं. तो खरंच बोलत होता.

उजवी रबरी नळी उघडल्यावर वास आला, ओल्या नाण्यांचा. वरची घडी फाटली होती, कोकणातला दहा पावसाळ्यांचा पाऊस आत झिरपला होता. हिरवी-पांढरी पट्ट्याची एक तार ओढल्याबरोबर ताणली. ब्लेडने सोलली तर आत तांबं नव्हतंच म्हणा, हिरवी पूड होती. तांब्याच्या भांड्यात ताक राहिलं की कळकतं, तशी ती तार कळकली होती. केसासारखे दोन धागे तेवढे एकमेकांना चिकटून होते, दार उघडलं की आणखी चारपाच येऊन टेकत असावेत.

बाबांनी तेव्हा मीटरमध्ये बॅटरी घातली. दार लावायला लावलं, डाव्या कपलरवर मीटर धरला. मी वर दाबलं: 12.3. खाली दाबलं: आधी वजाचं चिन्ह आणि मग 12.3. मी चक्रावले. तार तुटलेली आणि व्होल्टेज पूर्ण? मग मीटर काढून तिथेच बल्ब लावला. अंधार.

व्होल्टेज बघायला मीटरला जवळपास करंट लागतच नाही, दोन धाग्यांतून झिरपतं तेवढं पुरतं. बल्बला अर्ध्या अँपिअरच्या आसपास लागतो, मोटारीलाही काही तो झिरपा पुरत नाही. तेवढा मागायला गेलं की ते दोन धागे हात वर करतात. सर्व्हिस सेंटरच्या दुसऱ्या मुलाने मीटर लावला होता. बारा व्होल्ट येतायत, आरसा हलत नाही, म्हणजे मोटार गेली. त्याच्या जागी मी असते तर मीही असेंब्लीच लिहिली असती.

पुढचं सोपं आणि वेळखाऊ. बाबांनी जुनी तार त्या वळणातून अख्खीच बाद केली. जोड बिजागरीच्या घडीत यायला नको, नाहीतर दोन वर्षांत तिथेच पुन्हा. वीतभर नवी तार, एक जोड दाराच्या आत, एक बॉडीच्या आत, दोन्हींना सोल्डर आणि वर स्लीव्ह. सोल्डरिंग मी केलं, कारण त्यांचा हात थरथरतो. पहिला जोड त्यांनी बोटाने चाचपला आणि काही न बोलता पक्कडने तोडून टाकला. दुसरा ठेवला. शेजारच्या दोन तारांचं प्लास्टिक तडकलेलं होतं, एक काच वर-खाली करण्याची, दुसरी कसली ते कळलं नाही, त्याही बदलल्या. नळीच्या फाटक्या घडीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा. साहित्याचा खर्च नव्वद रुपये, त्यात साठ स्लीव्हचे.

दार लावून बटण दाबलं तेव्हा बाबांनी पुन्हा दोन बोटं आरशावर ठेवली होती. काच हलताना दिसत होती, तरी ठेवली होती.

संध्याकाळी तिघं बाजारात जाऊन आलो. परतताना पाणंदीच्या तोंडाशी गाडी उलटी लावली, डावा आरसा खाली घेतला. मागचं चाक, पाणंदीची कड, व्हाळातलं वाळकं गवत, सगळं नीट दिसत होतं. मी क्लच सोडला. तेवढ्यात शेजारच्या सीटवरून आईने काच खाली केली, मानेपर्यंत बाहेर वाकली आणि दारावर तळहाताने थाप मारायला लागली.

"येऊ दे. येऊ दे. येऊ दे. बास!"